काळ्या बुटांचा आवाज

अप्पा, मागच्या आठवड्यात तीन पोरं घरी आली होती. स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढतायत आणि तो त्यांना जुन्या वळणाचा हवाय, आम्ही केलेल्या त्या रेकॉर्डसारखा. जुन्या बाजारातून कुठूनतरी त्यांनी ती मिळवली होती. कव्हरावरच्या तुमच्या नावावर बोट ठेवून एकानं विचारलं, "मॅडम, हे क्लॅरिनेट वाजवणारे कोण हो?" मी म्हटलं, "माझे वडील." मग चहा टाकायचं निमित्त करून आत गेले आणि ओट्याशी नुसती उभी राहिले. सत्तरीला आले तरी मला खरं बोलायची लाज वाटते.

तुम्ही वरातीत वाजवणारे. लाल कोट, पितळी बटणं, पायात टाचेला नाल ठोकलेले काळे बूट. मी कॉलेजातल्या तीन मुलांबरोबर गायला लागले तेव्हा गल्लीत कुजबुज सुरू झाली. तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "लोकांच्या पोरींच्या वराती वाजवितो की मी. माजी पोरगी गायली तर काय बिगडलं?" विषय तिथंच संपला. आमच्याकडे गिटार, अकॉर्डियन आणि बोंगो. त्या वर्षांत जिकडेतिकडे दणदणाट चाललेला, आणि आम्हाला वेड तुमच्या तरुणपणीच्या गाण्यांचं. संथ चाल, मध्येच एकट्या क्लॅरिनेटचा तुकडा. शब्द आमचे, चाली आमच्या, ढंग तेवढा जुना. तो ढंग मी आपल्या स्वयंपाकघरात उचलला होता. आईच्या भाकरी होईपर्यंत तुम्ही पाटावर बसून वाजवायचात ना, तेव्हा. म्हणून पुण्याला रेकॉर्डिंग ठरलं तेव्हा तुम्हाला सोबत न्यायचं हेही आपसूक ठरलं.

तेव्हा सगळे एकाच खोलीत, एकदमच वाजवायचे. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही बुटांना पॉलिश करून आला आहात. गाणं सुरू होतं, तुमचा तुकडा येतो आणि तुमचे पाय चालू लागतात, जागच्या जागी, वरातीत चालतात तसे. खट, खट. आम्ही चौघं काचेपलीकडे टेप ऐकायला गेलो तर त्यात ती पावलं अगदी स्वच्छ ऐकू येत होती. अकॉर्डियनवाला म्हणाला, "नवरदेव आला वाटतं घोड्यावरून." सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच. काचेतून तुम्हाला आम्ही हसताना दिसलो, आणि कशाला ते न कळता तुम्हीही हसलात.

मी आत येऊन म्हटलं, "अप्पा, रेकॉर्डिंगवाले साहेब म्हणतायत, बूट काढा." तुम्ही लगेच वाकलात आणि नाड्या सोडल्यात. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो तुम्ही उजव्या पावलाखाली झाकलात आणि तसेच उभे राहून वाजवू लागलात. ठेका सुटला. पुन्हा वाजवलंत, पुन्हा सुटला. "जमंना बग पोरी. चालल्याबिगर फुंक बसत न्हाई." मी म्हटलं, "छान झालं, अप्पा." दुसऱ्या दिवशी तुम्हाला अक्कलकोटची वरात होती, म्हणून त्याच दुपारच्या गाडीनं तुम्ही निघालात. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या सकाळी आम्ही पुण्यातला दुसरा वादक बोलावला आणि ते गाणं पहिल्यापासून पुन्हा केलं. कव्हरावर नाव मात्र तुमचंच छापायला लावलं. तेवढ्यानं भागेल असं मला वाटलं होतं.

रेकॉर्ड घरी आली त्या दिवशी शेजारच्या मावशींकडून प्लेअर आणला. तुमचा तुकडा लागला तशी तुमची बोटं मांडीवर चालायला लागली. दुसऱ्या ओळीत तुम्ही श्वास घ्यायला थांबलात, रेकॉर्डवरचा माणूस थांबला नाही. तुमची बोटं तिथंच राहिली. मावशी म्हणाल्या, "लई दम हाय की वो तुमचा." माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "स्टुडिओत पुरतो दम." तुम्हाला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मी पुढचं गाणं ऐकत बसले.

नंतर तुम्ही पाटावर बसणं सोडलंत. भाकरी होत असायच्या आणि तुम्ही अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे. वाजवताना पाय हलला की थांबायचात आणि पुन्हा सुरुवात करायचात. आई वैतागायची, बसा की खाली म्हणायची. "साहेबांस्नी पाय हलल्यालं चालत न्हाई," तुम्ही म्हणायचात. "पुन्यांदा बोलावलं तर?" शेवटच्या दुखण्यात अंथरूण धरेपर्यंत तुमचं हे चाललं होतं. मी आईच्या परातीपाशी बसून ते बघायचे.

हा कागद तुमच्या क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं टाकणार. घडी घालायच्या आधी राहिलेलं एवढं लिहिते. साहेबांनी बूट काढायला सांगितलं नव्हतं, अप्पा. टेप ऐकून ते म्हणाले होते, "ती पावलं राहू द्या, त्यांच्यामुळेच गाणं चालतंय." मलाच ती नको होती.