वहिनीची उजळणी

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तू रात्रपाळीहून येऊन नुकताच पडला होतास, उठवलं नाही. तिची व्हिसाची मुलाखत पुन्हा पुढे ढकललीय. तीन वर्षं झाली, दर वेळी कुठेतरी माशी शिंकतेच!

मुलाखतीत नवऱ्याबद्दल वाट्टेल ते विचारतात म्हणे. बिचारीने तुमचा महिन्याभराचा संसार पोपटासारखा पाठ केलाय. "चहात दोन चमचे साखर. मिशी आहे. भिंतीकडेला झोपतात." मी आपली हो हो म्हणत गेले. साखर बंद झाली, मिशी गेली, हे कुठल्या तोंडाने सांगू?

मग म्हणाली, "वन्सं, झोपेत अजून हसतात का हे?"

त्याला हो म्हणवेना. आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवून दिला.

जेवण झाकून ठेवलंय. फोन तूच लाव. आणि निदान मिशी तरी वाढव.