शेवटच्या बाकावरची नऊ नावं

७ जानेवारी, मंगळवार

नऊ नावं झाली! हेडसरांना बारा हवीत.

जिल्हा कार्यालयाचं नवं फर्मान — चौथीच्या भाषेच्या परीक्षेत शंभरातली ऐंशी मुलं पास झाली, तर शाळेला नव्या खोल्या. जी पास होण्यासारखी नाहीत, त्यांची यादी वर्गशिक्षकाने सतरा तारखेपर्यंत द्यायची. ती मुलं नदीपलीकडच्या उजळणी शाळेत जाणार, म्हणजे आमच्या आकड्यातून बाद. यादी दरवर्षीच जाते. यंदा तिला खोल्या चिकटल्यात, एवढंच.

आणि खोल्या हव्यातच! जुन्या वर्गांचं छत खचलं तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी या लांबलचक हॉलमध्ये घसा फोडतेय. हुशार पुढे, कच्चे मागे. जागा मार्कांप्रमाणे. पद्धत माझीच, आणि तिचा मला अभिमान आहे. लपवू कशाला?

८ जानेवारी, बुधवार

गप्पीची आई आली. यादीतलं चौथं नाव. पोरगी वर्गात तोंड उघडत नाही, म्हणून आम्ही सगळे तिला गप्पीच म्हणतो. आईचं केस कापायचं दुकान, बाहीवर केस तसेच. "बाई, घरी ती बोलून बोलून आमचं डोकं खाते! आणि नदीपलीकडे दोन बस बदलून तिला नेणार कोण? मी दुकान बंद ठेवू?"

मी नियम सांगितला. नियम सांगताना माझा आवाज फार गोड होतो. माझीच चीड आली.

९ जानेवारी, गुरुवार

चहा दोनदा उतू गेला. "यादी देऊन टाक आणि मोकळी हो," हे म्हणाले. मोकळी!

१३ जानेवारी, सोमवार

कार्यालयाचं आणखी एक खूळ — शिक्षकांनी एकमेकांचे तास बघायचे, तेही शेवटच्या बाकावर बसून. माझ्या वर्गावर तिसरीच्या नव्या बाई. मी गप्पीशेजारी. गुडघे बाकाखाली मावेनात. पोरं खुसुखुसू हसली.

साडेदहाला भिंतीपलीकडचा पाण्याचा पंप सुरू झाला. रोजच होतो. पुढे उभं राहिलं की नुसती घूं घूं. इथे बाक थरथरायला लागला! बाई श्रुतलेखन घालत होत्या. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते, बस्स. कान टवकारले, मान पुढे काढली, काही नाही. शेवटी काय करावं मी? गप्पीच्या वहीत बघून लिहिलं! तिने गुपचूप वही माझ्याकडे सरकवली. तिनेही पुढच्याचं बघूनच लिहिलं होतं.

वीसपैकी मला सात.

अकरा वर्षांत मी कधी मागे जाऊन बसले नव्हते. एकदाही नाही. भाषेचा तास रोज साडेदहाला, आणि जो एकदा घसरून मागे गेला तो मागेच राहिला. मी म्हणत राहिले — मेहनत नको यांना!

१४ जानेवारी, मंगळवार

जागा उलट्या केल्या. मागचे पुढे, पुढचे मागे, आणि पंप चालू असतानाच पुन्हा श्रुतलेखन. नऊपैकी सहा पास. गप्पीला सोळा! मधल्या सुट्टीत इतकी बोलली, की मीच म्हटलं, पुरे गं बाई.

आणि हेडसरांची नात, जी आजवर अठराच्या खाली आली नाही, तिला पाच. रडून नुसता गोंधळ. हेडसरांनी तिचा कागद घडी करून खिशात घातला.

"एक श्रुतलेखन म्हणजे परीक्षा नव्हे," म्हणाले. "नऊ मुलं जातील. पण पुढच्या शेकडो मुलांना धड वर्ग मिळतील. मग तुमच्या पंपाचा प्रश्नच उरत नाही."

मुद्दा बिनतोड आहे. म्हणून तर इतकी चिडले. संध्याकाळभर घरात येरझाऱ्या घातल्या.

१५ जानेवारी, बुधवार

शिपाईमामांना भीतभीत विचारलं — पंप सकाळी सातला लावता येईल का?

"न लावायला काय झालं? शाळा उघडली की लावतो. आजवर कुणी बोललंच नाही!"

अर्धं मिनिट लागलं. अर्धं मिनिट!

१७ जानेवारी, शुक्रवार

यादीचा कोरा कागद दिला. खाली फक्त सही. हेडसरांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"आणि खोल्या हातच्या गेल्या तर?"

"तर माझं नाव सांगा."

त्यांनी शिक्का मारला. नातीचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

आता हलकं वाटायला हवं. वाटत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

ऑफिसच्या कपाटातून जुन्या याद्या काढल्या. दहा वर्षं, एकशे तीन नावं. अक्षर माझं.

पहिल्या यादीतलं पहिलं नाव आता रंगकाम करतं. बाजारामागच्या इमारतीत शिडीवर सापडला. पंपाचं सगळं सांगितलं. खाली उतरला. हातातला ब्रश पुसत राहिला.

"बाई, मला वाटायचं, मलाच कमी ऐकू येतं. घाबरून कुणाला सांगितलं नाही."