बलक मांजरीला घालू नका

अहो,

आज पिल्लं बाहेर पडायचा दिवस, म्हणून तुम्हाला न उठवता उबवणी केंद्रावर निघाले. ताटाखाली उकडलेलं अंडं झाकून ठेवलंय. त्यातला पिवळा बलक नेहमीसारखा मांजरीला घालू नका. ती आता दारात मावत नाही, आणि तुमच्या पट्ट्याला मात्र मी भोकं पाडतेय.

तुमचे थोरले भाऊ, दादा, छातीत कळ येऊन गेले, तेव्हापासून बलक म्हणजे हृदयाचा वैरी हे तुम्ही धरून बसलाय. डॉक्टरीणबाईंनी तुमचे रिपोर्ट बघून, "तुम्ही रोज एक अख्खं अंडं खुशाल खा," म्हटलं, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

काल नव्या खेपेतलं एक अंडं दिव्यासमोर धरलं. इतकी वर्षं धरतेय, तरी काल हात तिथंच थांबला. बलकावर लाल शिरांचं जाळं पसरलेलं आणि मधोमध एक ठिपका धडधडत होता. अहो, ते हृदय होतं! तुम्ही ज्याला भिता, त्याच्याच जिवावर ते घडत होतं. शेवटी उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेतं आणि तेवढी शिदोरी घेऊन जगात येतं. मला तर हात जोडावेसे वाटले.

भाऊ गेल्याचं दुःख मला कळतं. पण तुम्ही असे झिजू नका, मला तुम्ही हवे आहात.

संध्याकाळी आल्यावर आधी मांजरीची ताटली बघेन, मग तुमच्याकडे.