नऊ नंबरची मशीन

६ जानेवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आणि माझंही आता मोठं काम सुरू झालंय.
शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दिवाळीपासून व्हिडिओ, गेम, सगळं बंद. उघडायला गेलं की लाल पाटी येते, परवानगी नाही. आज मी ती पाटी उडवली. नऊ नंबरच्या मशीनवर बसलो, काळी विंडो उघडली, मामाच्या मोबाइलवर बघून पाठ केलेली कमांड टाकली, तीनदा एंटर. व्हिडिओ चालू. शेजारी हमजा बसला होता. म्हणाला, भाई, तू तो खतरनाक निकला. मी फक्त कॉलर ताठ केली. अशा वेळी बोलायचं नसतं.
संकल्प : ही ताकद फक्त अभ्यासासाठी वापरायची. आज उरलेला तास क्रिकेटचे कॅच बघितले. तोही अभ्यासच, फील्डिंगचा.

९ जानेवारी, शुक्रवार
हमजाला चार नंबरवर करून दाखवायला गेलो. नाही झालं. ती मशीन जुनी, माझ्या कमांडचा लोड घेत नाही. नऊवर लगेच झालं.
कॉम्प्युटरच्या स्नेहल मॅडम वर्गात म्हणाल्या, दुपारी ऑफिसचं नेट फार स्लो होतंय, पुढच्या शनिवारी माणूस बोलावलाय, तो सगळं तपासेल. सांगताना माझ्याकडे बघितलं. म्हणजे सगळ्यांकडेच बघितलं, पण माझ्याकडे जरा जास्त.
हमजा म्हणाला, अभी बंद कर. मी म्हटलं, घाबरणारे वेगळे. शर्ट मात्र पाठीला चिकटला होता.

१३ जानेवारी, मंगळवार
ऑफिसबाहेर एक अनोळखी माणूस. काळी बॅग, गळ्यात आयकार्ड. सायबर पोलिस. पोटात दुखतंय सांगून मधल्या सुट्टीत घरी निघालो. टेमघरला घरी पोचेपर्यंत मागे बघत होतो.
पप्पा काल्हेरच्या गोडाऊनमधून ड्युटी संपवून आले. कपाळाला हात लावून म्हणाले, ताप तर न्हाय. मग असा काय बसलास? त्यांना काय सांगणार. त्यांनी फोर्कलिफ्ट चालवून मला शिकवायचं आणि मी जेलमध्ये जायचं.
संध्याकाळी हमजाचा फोन. तो माणूस वॉटर फिल्टर विकायला आला होता म्हणे. पोलिस काय, काहीही सांगतील.
संकल्प : महिनाभर मशीनला हात लावायचा नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
संकल्प मोडावा लागणार. कारण जोहा.
जोहा आमच्याच वर्गात. तिच्या घरचे लूम, म्हणजे कापडाचे माग, आहेत. आयुष्यभर त्या खडखडाटात राहून तिच्या दादांना, म्हणजे आजोबांना, ऐकू येत नाही. तिने लूमवर काम करणाऱ्यांसाठी कानावर लावायच्या कापसाच्या गाद्या बनवल्यात, आवाज किती कमी होतो ते मोजलंय आणि सगळ्याचा व्हिडिओ केलाय. तो नेटवर चढवून विज्ञान प्रदर्शनाच्या साइटवर लिंक भरायची. मुदत मंगळवारी चार वाजेपर्यंत. एडिटिंग सोमवारपर्यंत होईल. मॅडम तिला म्हणाल्या होत्या, सोमवारी पेन ड्राइव्ह दे, मी ऑफिसमधून टाकते.
मी म्हटलं, मॅडमना कशाला त्रास? मंगळवारी लॅबच्या तासाला पाच मिनिटांत टाकतो.
ती म्हणाली, नक्की ना? दादांना मी सांगून ठेवलंय.
मी म्हटलं, माझ्यावर सोड.

२० जानेवारी, मंगळवार
दुपारी अडीच. लॅब. वही मांडीवर ठेवून लिहितोय. नऊ नंबरवर लाल पाटी. शनिवारी तो माणूस येऊन गेला. माझ्यामुळे सिक्युरिटी वाढवली, उघड आहे. कमांड पाच वेळा टाकली. जोहा खुर्चीमागे उभी. दोन मिनिटं, म्हटलं.

तीन. मशीन बंद करून चालू केली. लाल पाटी. जोहा सारखं विचारतेय, मॅडमकडे जाऊ का. मी म्हटलं, आता गेलीस तर दोघंही अडकू. सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, सुटेल.

साडेतीन. तास कधीच संपला. लॅब रिकामी. जोहाने मला न विचारता पेन ड्राइव्ह काढला आणि ऑफिसकडे पळाली. एवढा उतावीळपणा बरा नाही.

रात्र. मॅडमनी हातातलं काम टाकून व्हिडिओ चढवायला घेतला. फाइल मोठी होती. पूर्ण चढला तेव्हा चार वाजून गेले होते आणि फॉर्म बंद झाला होता. मॅडमनी प्रदर्शनवाल्यांना फोन केले, विनंती केली. प्रदर्शनात ठेवतील, पण स्पर्धेत धरणार नाहीत.
जेवलो नाही.
संकल्प : उद्या स्वतः जाऊन सगळा गुन्हा कबूल करायचा. शाळेतून काढलं तरी चालेल.

२१ जानेवारी, बुधवार
गेलो. म्हटलं, मॅडम, सिस्टिम मी हॅक केली होती. जोहाचा दोष नाही.
मॅडम म्हणाल्या, कशी केलीस, दाखव. दाखवली. त्यांनी स्क्रीन वाचली. मग म्हणाल्या, अरे विकी, या कमांडने कॉम्प्युटरचा फक्त पत्ता दिसतो. दुसरं काही होत नाही. नऊ नंबरला चुकून ऑफिसची वायर लागली होती, तिथे बंदी नाही, म्हणून सगळं उघडायचं. शनिवारी ती बदलली.
मी विचारलं, मग मला शिक्षा? त्या म्हणाल्या, गणिताचा तास सुरू झालाय, वर्गात जा.
पप्पांना फोन नाही, हेडसरांसमोर उभं करणं नाही. कुणी मला शोधतच नव्हतं.
सुट्टीत जोहाला सांगितलं, ती वायर होती. वाटलं, हसेल तरी.
ती म्हणाली, वायर असो नाहीतर काही असो. मी तुला दोनदा विचारलं होतं, मॅडमकडे जाऊ का.
दोनदा नाही, चारदा विचारलं होतं. ते फक्त इथे लिहितोय.