मोठ्या मापाच्या सपाता

आधी भांडण, मग खुशाली. सख्ख्या नातीला दिवस गेलेत हे मला कुणी सांगावं? लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, तेही आमचा गळका नळ आवळता आवळता! नऊ आठवडे झाले म्हणे. कळल्यापासून तू, तो आणि तुझी आई तोंडाला कुलूप घालून बसलात. तुझी आई आणि मी एका छपराखाली राहतो, एका किटलीतला चहा पितो, तरी मला पत्ता नाही. म्हातारीच्या पोटात काही राहत नाही, असं वाटलं असेल तुम्हांला. या म्हातारीच्या पोटात काय काय राहिलंय, ते पुढं वाच.

प्रिय टाचणी,

नवऱ्याला बोलू नकोस. त्याच्या तोंडून 'गुरुवारी पहिली तपासणी आहे, सुट्टी टाकलीय' एवढंच निसटलं. मग मी त्याचा पाना पिठाच्या डब्यामागं लपवला आणि बाकीचं काढून घेतलं. माणूस चांगला आहे, फक्त त्याला खोटं बोलता येत नाही. तो आज पुन्हा येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही, शिवलंय. टाका उसवलेला दिसला तर आधी त्याला विचार, मग पुढं वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन करताना तुझी आई दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते, आणि मला आता हळू बोलता येत नाही.

आता कामाचं. गुरुवारी वरचे आणि खालचे कपडे वेगवेगळे घाल, पोट तपासायला सोपं जातं. बाही वर सरकणारी असू दे, रक्त काढतील. शेवटची पाळी कधी आली ती तारीख कागदावर लिहून ने. तिथं गेल्यावर आठवायला लागलीस तर स्वतःचं नावसुद्धा आठवणार नाही. ज्या गोळ्या घेतेस त्यांची पाकिटंच पिशवीत टाक. घरून निघताना लघवीला जाऊन यायची घाई करू नकोस, तिथं बाटली देतात. आणि वयावरून कुणी भुवई उडवली तर तू दोन्ही उडव. तू आज बेचाळीसची आहेस. मी बेचाळीसची होते तेव्हा आजी झाले होते, तुझीच. घाई माझी झाली, म्हणून तुला उशीर झाला असं होत नाही. पण या वयाला डॉक्टर जास्त खोदून विचारतात, आणि ते बरोबर आहे. जुन्या कापडाला सुई घालायच्या आधी मीसुद्धा ते उजेडात धरून बघायची.

खोदून विचारण्यावरूनच सांगायचं आहे. दवाखान्यानं घरून भरून आणायला सांगितलेला फॉर्म तुझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये होता. मी म्हटलं, वाच. नाव, वय, उंची, सगळं ठीक. मग आलं, घरात आई, बहीण, आजी यांपैकी कुणाला गरोदरपणात काही त्रास? पुढं लिहिलेलं, निरंक. तो शब्द ऐकला आणि कुणी सांगितला ते कळलं. तुझ्या आईनं चौतीस वर्षं दप्तरखान्यात काढली. तिला मोकळा रकाना बघवत नाही. लिहिण्यासारखं नसेल तिथं निरंक, आणि लिहायचं नसेल तिथंही निरंक. भाजीवाल्यानं 'आणखी काही?' विचारलं तरी एखाद दिवशी ती निरंक म्हणेल.

आणि तू? पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तुझी वीस वर्षं गेली. बाटली कुठल्या विहिरीची, कोणी भरली, किती वाजता, हे लिहिलेलं नसेल तर तू ती बाटली परत पाठवतेस. मला तूच अभिमानानं सांगितलंयस. मग स्वतःच्या बाटलीवर चिठ्ठी न वाचता सही कशी केलीस?

तो रकाना चुकीचा आहे. गुरुवारच्या आत तो खोडायचा आहे.

तुझ्या वेळी तुझी आई बावीस वर्षांची. मी तेव्हा शिवणाच्या कारखान्यात काजं करायची. तिसरीपर्यंत शाळा, पण काज असं की बटण घातलं की हलायचं नाही. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजायला लागले. चपला होईनात. मी म्हटलं, पोटुशी बाईचे पाय सुजतातच, त्यात काय. कारखान्यातून जाड कापडाचे तुकडे आणले आणि तिला सपाता शिवल्या, एक माप मोठ्या. छान झाल्या होत्या. आठ दिवसांत त्याही होईनात. मग दोन मापं मोठ्या शिवल्या. हात सुजले, तर बाह्या उसवून सैल केल्या. डोकं ठणकतंय म्हणाली, तर पडून राहा म्हटलं. डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणाली, तर म्हटलं, ऑफिसातल्या बारीक अक्षरांनी डोळे गेलेत तुझे. माणूस फुगत चाललं होतं आणि मी मापं वाढवत होते. शिंपिणीची अक्कल! अंगाला बसेना की कापड सैल करायचं, एवढंच मला ठाऊक.

एका दुपारी स्वयंपाकघरात तिला झटके आले. दात बसले, जीभ चावली गेली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं आणि माझ्याकडं असं बघितलं की ती नजर अजून अंगावर आहे. तुला त्याच दिवशी काढावं लागलं, दोन महिने आधी. मूठभर होतीस, काडीसारखी. टाचणी नाव मी तिथंच ठेवलं. तू बारीक आहेस म्हणून ते पडलं, असं आजवर सांगत आले, बारीक का होतीस ते मात्र गाळलं. तुझी आई तीन दिवस शुद्धीवर नव्हती. पहिला महिना तिनं तुला उचललं नाही, कारण तिला उभं राहता येत नव्हतं.

पुढचं ऐकताना खाली बस. तू चार वर्षांची असताना आई ऑफिसच्या कामाला परगावी गेली, तीन आठवडे आली नाही, आठवतं? मी तुला रोज चिंध्यांची एक बाहुली करून द्यायची. ती परगावी गेली नव्हती. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच झालं. या वेळी मी सपाता शिवल्या नाहीत, पाय सुजल्याबरोबर नेलं, तरी मुलगा राहिला नाही. ती वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तिसरं नको, आणि हे मुलीच्या वाट्यालाही येऊ शकतं, मोठी झाली की सांगून ठेवा. घरी आल्यावर तुझ्या आईनं माझ्याकडून शब्द घेतला, हिला काही सांगायचं नाही, उगाच जन्मभर बाळंतपणाला घाबरेल. मी लगेच हो म्हटलं. मला ते सोयीचंच होतं. सांगायचं तर सपातांपासून सांगावं लागलं असतं.

पंचविशीत तू एकदा माझ्याकडं येऊन रडली होतीस. आईला दुसरं मूल नको झालं, कारण पहिलंच जड झालं, असं म्हणाली होतीस. मी तुला चहा करून दिला आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याबद्दल मला तू बोल, मी ऐकून घेईन.

पत्र यासाठी लिहिलंय, की दिलेला शब्द मी आज मोडला. काल तुझ्या आईला तोंडावर सांगितलं, मी लेकीच्या लेकीला सगळं कळवणार आहे. मला वाटलं आकाशपाताळ एक करेल. तिनं उठून कपाट उघडलं आणि एक पिवळी पडलेली फाईल काढली. दोन्ही वेळचे दवाखान्याचे कागद, बीपीचे आकडे, तारखा, शिक्के, सगळं नीट लावलेलं. दप्तरखान्यातली बाई, कागद कसा फाडेल? त्या फाईलच्या खाली दोन मापं मोठी एक सपात होती. मी समजत होते, तिनं ती कधीच टाकून दिली. फाईल तिनं आपल्या पिशवीत घातली आणि भांडी घासायला गेली. कागद बाहेर आलेत, तोंड अजून उघडलेलं नाही. बीपीचा हा आजार वेळेत ओळखला तर आता लवकर गोळ्या सुरू करतात, असं आमच्या औषधवाल्यानं मला सांगितलंय. तेव्हा घाबरायचं कारण नाही, लपवायचं तर त्याहून नाही. मला तू आणि ते पोर, दोघंही चालतीबोलती हवीत.

तुझीच,
काजं करणारी म्हातारी

ता. क. गुरुवारी नवऱ्याला दाराबाहेर बसव आणि आईला आत ने. डॉक्टर घरच्यांबद्दल विचारतील तेव्हा तू गप्प बसायचं, तुझ्या आईनं उत्तर द्यायचं. या पत्रालाही तू उत्तर लिहू नकोस. तिनं लिहायचं, समोर बसून, मला. आणि निरंक लिहून दिलं तर मी घेणार नाही, म्हणावं.