उतारावर बंद केलेलं इंजिन

प्रिय मौनीबाबा,

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं पदरात पडेल. तुझ्या मोटरसायकलचा मागचा टायर संपला आहे. मधोमध पार सपाट झालाय, आणि पुढचाही जागोजागी खाल्ला गेलाय. या जोडीवर तू इथल्या इथे फिरलास तर मी एक वेळ डोळेझाक करीन. पण येत्या रविवारी तू बदलीच्या जागी निघालास, सहाशे किलोमीटर, मध्ये तो लांबलचक घाट, आणि तेही गाडीवरून. नाही जायचं. या टायरांवर नाही.

आता तू म्हणशील, म्हाताऱ्याने माझी गाडी बघितली कधी? बघितली नाही. दीड वर्षात तू माझ्यासमोर आलेला नाहीस. ऐकली. गेले तीन महिने दर गुरुवारी चारच्या सुमाराला, दुकानाच्या वरच्या वळणावर तू इंजिन बंद करतोस आणि माझ्या दारासमोरून गाडी नुसती उतारावर सोडून देतोस. माझे कान तुला ठाऊक आहेत ना! तुझं इंजिन मी शंभर गाड्यांत ओळखीन, म्हणून ही युक्ती. अरे शहाण्या, इंजिनाचं तोंड बंद केलंस म्हणून तर टायर बोलायला लागले! त्या धडधडीत मला रबराचं काय कपाळ ऐकू येणार होतं? चांगला टायर डांबरावरून जातो तेव्हा कोऱ्या कागदावरून तळहात फिरवल्यासारखा सुळकन जातो. तुझा मागचा घुमतो, बंद खोलीत माशी घुमावी तसा, आणि त्याच्यावर पुढच्याची थपथप. पहिल्या गुरुवारी मी गल्ल्यावरची मान वर केली नाही. दुसऱ्या गुरुवारी हातातला पाना खाली ठेवला. तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजले की मी कॉम्प्रेसर बंद करायला लावतो. कारागीर समजतो, साहेबांना आवाजाचा त्रास होतो.

आणि हो, 'तू' म्हणतोय त्याचा राग मानू नकोस. सात वर्षं 'जावईबापू, बसा, जावईबापू, घ्या' करून माझी जीभ अवघडली होती. कोर्टाच्या कागदावर सह्या झाल्या, आता तू माझा कुणी लागत नाहीस, त्यामुळे पोटच्या पोराशी बोलावं तसं बोलायची मोकळीक मिळाली. या सगळ्या प्रकरणात मला सापडलेला फायदा एवढाच.

तू कुठे जातोस तेही मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. हिचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ही खाटेवर. दुपारी मदतनीस बाई जाते, मी दुकानात, तेवढ्या दोन तासांत तू येतोस, हिला वर्तमानपत्र वाचून दाखवतोस, आणि खालच्या गल्लीने निघून जातोस. मी घरी आल्यावर विचारायचो, कुणी आलं होतं का? म्हणायची, शेजारीण. ओट्यावर धुतलेला कप बशीवर पालथा घातलेला. आमच्या घरात कप पालथा घालायची सवय कुणालाही नाही. ती सवय एकच माणूस घेऊन आला होता. मी म्हणायचो, शेजारीण फार टापटिपीची हो! ही भिंतीकडे बघत म्हणायची, आहेच मुळी. चाळीस वर्षं संसार केलेली दोन माणसं एकमेकांशी इतकं धडधडीत खोटं किती गोडीने बोलू शकतात, ते ऐकायला तू असायला हवा होतास.

गेल्या गुरुवारी मात्र तिला राहवलं नाही. ताट पुढे ठेवलं तर म्हणाली, भूक नाही, मौनीबाबा लांब चाललाय. मग बदलीचं, रविवारचं, घाटाचं, सगळं बाहेर पडलं. वर मलाच दटावलं, की तुम्ही काही विचारलं नाहीत म्हणून मी सांगितलं नाही. मी जेवत राहिलो. मला माशी घुमताना ऐकू येत होती.

म्हणून आज बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून हे लिहितोय. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं झाली आणि पाठ बोलायला लागली. पूर्वी दिवसाला वीस चाकं उतरवायचो, आता रिमवरून टायर सोडवायला लोखंडी पट्टी घातली की आधी माझाच श्वास सुटतो. आणि माणसं तरी कशी! सकाळी एक जण आला, त्याला सगळ्यांत रुंद टायर हवा. म्हटलं, बाबा रे, कंपनीने माप दिलंय त्याहून रुंद चढवलास तर गाडी दिसायला पैलवान आणि वळणावर लंगडी होईल. तो म्हणे, दिसायलाच हवाय. दुसऱ्याला चिखलात चालणारे मोठ्या गाठींचे टायर हवे, आणि जातो कुठे, तर घर ते ऑफिस. तिसऱ्याने मी बोलत असताना फोनवर मला खोटं पाडणारा व्हिडिओ लावला. मी हसतो. हसून हसून गाल दुखतात, पण धंदा म्हणजे निम्मं रबर आणि निम्मं हसणं. आठ-दहा वर्षांपूर्वी मी त्या तिसऱ्याला दुकानातच गुंडाळला असता. आता वाटतं, जाऊ दे. थकलो रे.

तुला माझ्या उस्तादाचं कधी सांगितलं का? सांगितलं असेल, तू 'हं' म्हणाला असशील. मी या गावात आलो तेव्हा माझ्याकडे एक हातपंप आणि अंगावरचा शर्ट. तो रस्त्याकडेला पंक्चर काढायचा, त्याने मला पाण्याच्या टपापाशी बसवलं. ट्यूब पाण्यात दाबायची आणि बुडबुडे बघायचे. तो म्हणायचा, डोळे मीट, बघायचं काय त्यात, ऐक. दोन वर्षांत मला बुडबुडा दिसायच्या आधी ऐकू यायला लागला. मग त्याने मला त्याचा एकुलता एक नियम सांगितला: ऐकू आलं की सांगायचं. गिऱ्हाईक आपलं असो, दुसऱ्याचं असो, नुसता रस्त्याने जाणारा असो, शिव्या देवो. कान फुकट मिळालेत, त्यांचं फुकट द्यायचं. मी आजवर सिग्नलला उभ्या राहिलेल्या परक्या माणसांच्या खिडकीवर टकटक करून सांगितलंय, की साहेब, मागचं डावं चाक बघा. निम्म्यांना मी वेडा वाटलो. पण सांगितलं.

तर आता तुझे टायर. आठवडाभर मी यात डोकं घातलंय, तू दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करताना घालत असशील तसंच. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, पण तुझी धाव बघता एका हंगामात फडशा. कडक रबर तुझ्या म्हातारपणापर्यंत टिकेल, फक्त ओल्या रस्त्यावर तू टिकशील की नाही ते सांगता येत नाही. तू महिन्यातले तीन आठवडे सरळ हमरस्त्याने, या गावच्या दवाखान्यातून त्या गावच्या दवाखान्यात. म्हणून तर मधला भाग झिजून सपाट झाला. आणि सपाट टायरचं दुखणं असं, की सरळ रस्त्यावर काही कळत नाही. माणूस म्हणतो, गाडी कशी छान चाललीये. वळण आलं, गाडी कलली, की तो सपाट भाग संपतो आणि कडेवर चढताना चाक धक्का देतं. घाटात असली शंभर वळणं आहेत. तेव्हा मी तुझ्यासाठी मधे कडक आणि कडांना मऊ असलेली जोडी काढून ठेवली आहे, पाणी कापायला चर चांगले खोल. माप कंपनीचंच. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ते मी चष्मा लावून दोनदा वाचले. रबर आठ आठवड्यांपूर्वीचं आहे. दुकानात पडून पडून म्हातारा झालेला माल तुला देणार नाही. दुकानात म्हातारा एक पुरे.

पुढचाही बदलायचा, बरं का. तू म्हणशील, मागचाच बदला, पुढचा चालेल अजून. जोडीतला एक नवा आणि एक झिजलेला असला की... जाऊ दे, हे वाक्य मी पुढे नेत नाही. तिला फोन केला होता परवा. तुझ्या सासूला नव्हे, माझ्या मुलीला. म्हटलं, तुझी हरकत असेल तर नाही करत, पण त्याचे टायर बदलायचे म्हणतोय. म्हणाली, बाबा, पुढचा पण बदला, तो नेहमी मागचाच बदलतो. एवढंच. यातून भलता अर्थ काढू नकोस, मीही काढलेला नाही. ती बरी आहे. आवाज मोकळा झालाय तिचा.

आता जे सांगायला बसलो ते. दीड वर्षापूर्वी त्या दिवशी, तुमच्या फारकतीचं बोलायला, आमच्या बाहेरच्या खोलीत दोन्हीकडची माणसं बसली होती. तू कोपऱ्यातल्या खुर्चीत, कप हातात. मी सगळ्यांसमोर म्हणालो, की एवढी यंत्रं उघडून बघता, घरात काय बिघडलंय ते तुम्हाला ऐकू आलं नाही? आणि वर म्हणालो, यापुढे माझ्या दुकानाची पायरी चढू नका. तू उठलास, आत जाऊन कप धुतलास, बशीवर पालथा घातलास, आणि गाडी चालू न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेलीस. आणि तुझा स्वभाव असा, की मी दुकानाची पायरी म्हणालो तर तू दुकानाचीच धरलीस. घराची म्हणालो नव्हतो, म्हणून घरी येत राहिलास. शब्दाला असा अक्षरशः जागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रागही येतो आणि हसूही.

पण मौनीबाबा, तुला ऐकू आलं नाही हे खरं, मला आलं होतं. ती दर रविवारी फोन करायची. पहिली काही वर्षं तिच्या बोलण्यामागे तुमचं घर ऐकू यायचं. भांडी, नळ, मधेच तुला विचारणं, अरे, तो काका कुठे राहतो रे, आणि तुझं ते 'हं'. मग फोन बाल्कनीतून यायला लागले, मागे रस्ता ऐकू यायचा. मग एक दार लागल्याचा आवाज आधी आणि तिचा 'हॅलो' नंतर. ती बोलायची, तू ऐकायचास, हे ठीक होतं. ती बोलायची थांबली तेव्हा तुला वाटलं, घरात शांतता आहे. सरळ रस्त्यावर काही कळत नाही रे. मला कळलं, सहा महिने आधी. हिला म्हणालो, वारा असेल, म्हणून दार लागत असेल. तुला एक फोन करायचा होता. नुसतं म्हणायचं होतं, जावईबापू, मागचं डावं चाक बघा. नाही केला. परक्या माणसांच्या काचेवर टकटक करणारा मी, आपल्या माणसाच्या दारावर हात उचलला नाही. का, तर जावयाला कसं सांगायचं, वाईट दिसेल, बाजू घेतल्यासारखं होईल. सांगितलं असतं तर काही वाचलं असतं का, ठाऊक नाही, कदाचित नसतंही. पण उस्तादाचा नियम मी एकदाच मोडला, आणि त्याचा सगळा दोष तुझ्या हातातल्या कपात ओतून मोकळा झालो.

म्हणून हे पत्र. यंदा ऐकू आलं आणि सांगतोय. ती पायरीची भाषा मी मागे घेतो. जशी सगळ्यांसमोर बोललो तशी सगळ्यांसमोर मागे घ्यायला हवी, पण ती सगळी माणसं आता कुठे गोळा करू? हिला आज रात्री वाचून दाखवतो, साक्षीला ती पुरे. गुरुवारी तिने हे हातात दिलं की कप नंतर धू. आधी वर ये. दोन्ही चाकं मी स्वतः उतरवीन, पाठीचं माझं मी बघतो. आणि नवे टायर घालून निघालास की पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जपून. नवा टायर आणि नवा जावई, दोघेही सुरुवातीला निसरडे असतात. एक शेवटचं. घरापासून दुकानापर्यंत चढ आहे. माझ्या भीतीने गाडी ढकलत आणू नकोस. किक मार, चांगली रेस दे, इंजिन चालू ठेवून ये. कॉम्प्रेसर मी बंदच ठेवतो.

तुझाच,
चढावरचा टायरवाला