अंड्याचा वास

प्रिय भाऊजी,

माझं अक्षर बघून दचकाल. यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून मी तुमच्याशी धड बोललेही नाही. हे पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा.

यांचं डायलिसिस सुरू झालं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मला तुमचा संशय यायला लागला. आठवड्यातून तीनदा तुम्ही यांना गाडीतून न्यायचात. परत आले की मी पाणी द्यायच्या निमित्ताने यांची बोटं हुंगायची. एकदा वास आलाच, उकडलेल्या अंड्याचा. तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात मी तुमच्या जॅकेटचे खिसे तपासले, तर मिरपुडीची पुडी. डायलिसिसच्या खोलीत माणसाला मिरपूड कशाला लागते? तुम्ही हसून म्हणालात, वहिनी, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं, चोर आपणहून हजर झाले असते. मी म्हणाले, सख्ख्या भावाला मारायला निघालात. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढच्या खेपेपासून यांना मीच न्यायला लागले.

मला तरी काय माहीत होतं? आजाराच्या सुरुवातीला डॉक्टरांनी दिलेला कागद फ्रिजवर होता: मासे-मटण जवळजवळ बंद, अंडं नाही, दूध अर्धा कप. तीन वर्षं मी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. डायलिसिस सुरू झाल्यावर तिथली आहारतज्ज्ञ मुलगी म्हणाली, आता नियम बदलला, यांना भरपूर खाऊ घाला. तिच्या टेबलावर पावडरचे डबे होते. मला वाटलं, डबे खपवायचेत हिला. तिच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन कागदाप्रमाणेच वाढलं. हे म्हणायचे, अगं, एवढ्यात चिमणीचंसुद्धा पोट भरणार नाही. मी म्हणायची, चिमणीला डायलिसिस नसतं. केवढा तोरा होता मला त्या उत्तराचा!

आणि वजन? काट्यावर अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न. पण यांची अंगठी बोटातून गळून पडायला लागली. पाठीला साबण लावताना मणके मोजता यायचे. मला काट्याचाही संशय आला. नवा आणला, तर तोही तेच सांगे.

हे गेल्यावर मी वाचनालयातून जाड पुस्तक आणलं, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी द्यायची, कारण त्यांचा कचरा अंगात साठतो. डायलिसिस सुरू झालं की उलट. रक्त धुताना प्रथिनंही थोडी वाहून जातात, म्हणून आधीपेक्षा जास्त लागतात. शिवाय पोटाला पुरेसं मिळालं नाही तर शरीर स्वतःचंच मांस जाळतं. मांस झिजतं, त्या जागी पाणी साठतं आणि काटा जागचा हलत नाही. ते पान मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवलं नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. असेल. त्यात माझ्या ताटाचा वाटा किती, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

परवा जाऊबाईंचा फोन आला. सासऱ्यांचं मूत्रपिंडाचं दुखणं दोघा भावांनी वाटून घेतलंत हे ठाऊक होतं, पण तुमचंही डायलिसिस सुरू होऊन महिना झाला हे तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, तुम्ही दिलेलाच कागद लावलाय, अंड्याला हात लावू देत नाही, वजन बघा कसं जागच्या जागी आहे. आवाजात अगदी माझाच तोरा. भाऊजी, तुमची मूत्रपिंडं बिघडायला लागली तेव्हा मी दिलेला तो कागद बरोबर होता. आता नाही. फोनवर माझी जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय. तो फाडून टाका. पुढच्या खेपेला तिथल्या आहारतज्ज्ञाकडून तुमच्या वजनाला किती प्रथिनं, एकूण खाणं किती, मीठ-पाणी किती, सगळं नव्याने लिहून घ्या. मी सांगते म्हणून एक घासही खाऊ नका. माझ्या सांगण्याने एकदा झालं ते पुरे. मग हे पत्र जाऊबाईंना दाखवा. माझी लाज राखू नका. त्या रागावतील, मला नको ते बोलतील. बोलू देत. नवरा जिवंत असलेल्या बाईच्या शिव्या मी आनंदाने ऐकून घेईन.

तुमचीच,
संशयखोर वहिनी